पाहुण्याचं पाणी

हरिओम डाबेरावनं एकोणीस वर्षं राजकारणाच्या बातम्या लिहिल्या आणि तेवढ्या काळात त्याचं नाव पेपरात दोनदा छापून आलं. एकदा वडिलांच्या निधनवार्तेत, पश्चात कोण कोण आहे त्या यादीत तिसरं. दुसऱ्यांदा रक्तदान शिबिराच्या फोटोखाली, आणि तिथंही हरिराम असं. बाकी जे काही लिहिलं ते 'तालुका प्रतिनिधी' नावाच्या कुणा इसमाच्या नावावर गेलं. पुढे पुढे त्या इसमाचा हरिओमला मनापासून राग यायला लागला.

संग्रामपूर तालुक्यात कुठल्या पुढाऱ्याचं कुणाशी फाटलं, कोण रुसून सासुरवाडीला जाऊन बसलं, कुठल्या गावाची मतं कुणाच्या ओट्यावर ठरतात, हे त्याला पाठ होतं. पुढारी त्याला गाडीत पुढच्या सीटवर बसवायचे, खांद्यावर हात ठेवून सगळं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, हे तुझ्यापुरतं ठेव. तो ठेवायचा. आपल्याला आतलं कळतं याचा त्याला भारी अभिमान. आतलं जे कळतं ते छापायचं नसतं आणि छापायचं जे असतं ते सगळ्या गावाला आधीच ठाऊक असतं, हे ध्यानात यायला त्याला बारा वर्षं लागली. हुशार माणूस म्हणून तालुक्यात नाव होतं त्याचं, म्हणून एवढ्यात भागलं.

एक विषय मात्र त्यानं कुणाच्याही खांद्यावरच्या हाताला भीक न घालता लावून धरला होता. तो म्हणजे आवळगावचं पाणी. आवळगाव संग्रामपूरच्या खाली, पूर्णेच्या अंगाला, खारपाण पट्ट्यात. तिथल्या हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि वर्षानुवर्षं ते पिऊन तिथल्या माणसांच्या किडन्या जातात. वर सातपुड्याच्या पायथ्याला धरण आहे. त्याचं गोड पाणी नळानं गावात आणू, असं दर निवडणुकीला कुणी ना कुणी माइकवरून सांगून जातो. हरिओमनं या पाण्यावर एक्केचाळीस बातम्या दिल्या. त्यातल्या बऱ्याचशा सहाव्या पानावर, राशिभविष्याच्या शेजारी आल्या.

बेचाळिसावी बातमी देताना त्यानं कंबर कसली. महिनाभर आवळगावात घरोघर फिरला. अकरा वर्षांत किडनीनं गेलेली अठरा माणसं, त्यांची नावं, वयं, घरात मागे कोण राहिलं, सगळं लिहून काढलं. यादीत पाचवं नाव अन्नपूर्णाबाई घोंगेच्या नवऱ्याचं होतं. तिचा मुलगा कुलदीप बत्तीस वर्षांचा, आणि त्यालाही आठवड्यातून दोनदा खामगावला रक्त धुवायला न्यावं लागायचं. अन्नपूर्णाबाईनं हरिओमला ओसरीत बसवून दोन तास सगळं सांगितलं. बाई रडली नाही, उलट मधून मधून त्यालाच धीर देत होती.

बातमी बुलढाण्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हरिओमनं पानपट्टीवर उभं राहून पेपर उघडला. पहिल्या पानावर आमदार भाऊसाहेबांचा रंगीत फोटो, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली शुभेच्छुकांची अर्धं पान भरून नावं. ती नावं गोळा करून पाठवली होती खुद्द हरिओमनंच, कारण तालुका प्रतिनिधीला बातम्यांबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात. आवळगाव सहाव्या पानावर, चार ओळींत. 'आवळगावात आरोग्य शिबिराची मागणी.' अशी मागणी ना आवळगावनं केली होती ना हरिओमनं.

बुलढाण्याचे अर्जुनराव त्याचे वरिष्ठ. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. फोनवर ते म्हणाले, हरिओम, जागा कमी पडली रे.

"अठरा माणसं मेली सर. चार ओळींत कशी बसवली तुम्ही?"

हरिओमनं त्याच फोनवर नोकरी सोडली. घरी सांगितलं तेव्हा बायकोनं, रुपालीनं, आकांडतांडव केलं नाही. ती अंगणवाडी चालवते, तिला आकांडतांडव दिवसभर ऐकावं लागतं. तिनं एवढंच विचारलं की आता कुणी विचारलं तुमचे मिस्टर काय करतात, तर काय सांगू.

उत्तर फहीमनं दिलं. फहीम म्हणजे संग्रामपुरातला लग्नाचे व्हिडिओ काढणारा, हरिओमचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे दोन कॅमेरे, चार माइक आणि लग्नसराई संपल्यावर रिकामा वेळ असे. दोघांनी मिळून यूट्यूबवर चॅनेल काढलं, नाव ठेवलं 'समोरासमोर'. पद्धत साधी होती. गावातल्या देवळापुढे किंवा शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकायची. पुढाऱ्यानंही खालीच बसायचं, गावकऱ्यांच्या समोर. हार नाही, शाल नाही, नारळ नाही. गावानं विचारायचं, पुढाऱ्यानं सांगायचं, आणि काही कापाकापी न करता जसंच्या तसं थेट दाखवायचं.

कागदावर ही गोष्ट सुरेख होती. पहिली अडचण हारांची निघाली. आपल्याकडे पुढारी आला आणि त्याच्या गळ्यात काही पडलं नाही तर पुढाऱ्यापेक्षा गावालाच चुकल्यासारखं होतं. कितीही बजावलं तरी कुणीतरी मागून शाल घेऊन यायचंच. दुसरी अडचण माणसांची. पानपट्टीवर जो माणूस भाऊसाहेबांच्या सात पिढ्या काढायचा, तोच माइक पुढे आला की म्हणायचा, सगळं चांगलं चालू हाय, रस्त्याचं तेवढं पाहा. तिसरी आणि सगळ्यांत मोठी अडचण बघणाऱ्यांची. मास्तर नसलेल्या शाळेवर हरिओमनं जीव ओतून कार्यक्रम केला, तो तीनशे बारा लोकांनी पाहिला. एका उमेदवाराचा सतरंजीवर मांडी घालून पाय झोपला आणि उठताना तो दोन कार्यकर्त्यांच्या अंगावर कोसळला, ते दोन लाखांनी पाहिलं. मेहकरच्या स्टँडवर एका कंडक्टरनं हरिओमला ओळखलं आणि कौतुकानं विचारलं, तुमीच ना ते, पाय झोपलेवाले? हरिओम त्या दिवशी घरी येऊन जेवलाच नाही.

"तू भाई खरा मानूस हायस," फहीम त्याला म्हणाला, "पन लोकाईले तमाशा पायजे. तू त्याईले लेक्चर देऊन राह्यला."

हरिओमचा त्यावर इतका तिळपापड झाला की आठ दिवस तो फहीमशी बोलला नाही. पण मनात कुठंतरी ते रुतलं. आणि पुढे आवळगावात जे झालं त्याची सुरुवात तिथंच झाली, असं मला वाटतं.

धरणातून नळाची योजना या खेपेला खरोखर मंजूर झाली होती. तेवीस गावं, पण पहिल्या टप्प्यात बाराच. उरलेल्या अकरांना दुसरा टप्पा, म्हणजे आणखी चार वर्षं, तेही धरून चालायचं. यादी पंधरवड्यात ठरणार होती आणि आवळगाव अगदी काठावर होतं. कुलदीपच्या डॉक्टरांनी अन्नपूर्णाबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की निदान पाणी तरी बदला. चार वर्षांचं ते काही बोलले नव्हते. कुलदीपसारखी आणखी सहा माणसं गावात होती. हरिओमनं ठरवलं, बेचाळीस बातम्यांनी झालं नाही ते एका तासात करायचं. भाऊसाहेबांना आवळगावात आणायचं, सतरंजीवर बसवायचं, आणि सगळ्या जिल्ह्याच्या देखत त्यांना आवळगावच्या हापशीचं पाणी प्यायला लावायचं.

भाऊसाहेबांना यातलं काही सांगायचं नव्हतं. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे ते यायला लगेच तयार झाले. अन्नपूर्णाबाईच्या ओसरीत कार्यक्रम ठेवला. हरिओम आदल्या दिवशी जाऊन तिला समजावून आला. भाऊसाहेब आले की काही बोलायचं नाही, फक्त हापशीवरनं भरलेल्या पाण्याचा ग्लास पुढे करायचा. एक घोट गेला की त्यांचं तोंडच बोलेल. अन्नपूर्णाबाईनं ऐकून घेतलं, मान हलवून हाव म्हणाली. तीनदा विचारलं, तीनदा हाव म्हणाली. परतताना हरिओम मोटरसायकलवर चक्क गाणं गुणगुणत होता, असं फहीम अजून सांगतो.

दुसऱ्या दिवशी उन्हाचा कहर होता. भाऊसाहेब आले ते घामानं निथळत. हार नाही म्हटल्यावर हसले, चपला काढल्या, मुकाट सतरंजीवर बसले आणि समोर डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाईला दोन्ही हात जोडून म्हणाले, मावशी, तुमच्या मालकाचं कळलं होतं, यायचं राहून गेलं. मुरलेला गडी तो. बाईनं डोळ्याला पदर लावला आणि आत गेली.

फहीमनं खूण केली. थेट प्रक्षेपण चालू होतं, नऊ हजार माणसं बघत होती, इतकी कधीच बघत नव्हती. अन्नपूर्णाबाई ताटलीत स्टीलचा ग्लास घेऊन आली. हरिओमनं कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि एकोणीस वर्षं छापून न आलेला सगळा आवाज लावून म्हणाला, "मंडळी, नीट बघा. हे आवळगावच्या हापशीचं पाणी आहे. जे इथले लोक रोज पितात, तेच."

भाऊसाहेबांनी ग्लास उचलला. एक घोट घेतला, मग दुसरा, मग सगळा ग्लास रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"पानी तं चांगलं गोड हाय, मावशी," ते म्हणाले. "मंग लोकं काऊन बदनाम करून राह्यले गावाले?"

हरिओमला आधी वाटलं, हा माणूस खोटं बोलतोय, नाटक करतोय. पण खाऱ्या पाण्याचा पूर्ण ग्लास कुणी तोंड वाकडं न करता पिऊच शकत नाही. त्याची नजर ओसरीतून आत गेली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात फिल्टरच्या पाण्याचा निळा कॅन होता. ओलं फडकं गुंडाळलेला. त्याचं झाकण उघडं होतं. संग्रामपूरवरून तो कॅन रिक्षात टाकून आणावा लागतो, आणि तो आणला जातो कुलदीपसाठी.

त्यानं त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मावशी, हे कॅनचं आहे का, एवढंच. त्यानं विचारलंही, पण आवाज बारीक झाला होता, आणि पाहुण्यादेखत बाईनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. ओसरीत जमलेल्या पंचवीस-तीस माणसांना ते पाणी कुठलं हे पुरतं माहीत होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. पाहुण्याला दिलेलं पाणी कुठलं, हे पाहुण्यापुढे काढायचं म्हणजे घरधणिणीची अब्रू काढणं, आणि ते आवळगावात कुणी करणार नाही. उरलेला अर्धा तास भाऊसाहेब बोलले. छानच बोलले.

संध्याकाळपर्यंत तेवढा तुकडा कापून जिल्हाभर गेला. त्यात भाऊसाहेबांचं वाक्य होतंच, पण सगळ्यांत ठळक होता हरिओमचा आवाज. हे आवळगावच्या हापशीचं पाणी आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शब्दाखाली त्याचं पूर्ण नाव छापलं गेलं, 'ज्येष्ठ पत्रकार हरिओम डाबेराव', आणि तेही भाऊसाहेबांच्या कार्यकर्त्यांनी.

हरिओमनं लगोलग खुलाशाचा व्हिडिओ केला. पाणी कॅनचं होतं, हापशीचं नव्हतं, चूक माझी झाली, असं हात जोडून सांगितलं. तो चारशे सहा जणांनी पाहिला आणि खाली अर्ध्यांनी लिहिलं, पाकीट पोचलं वाटतं दुसऱ्या पार्टीचं. त्यानं फोन भिंतीवर मारला. रुपालीनं तुकडे गोळा केले आणि म्हणाली, काच तरी मुलांच्या पायाला लागू देऊ नका.

यादी आली. बारा गावं. आवळगाव नव्हतं. आता ते त्या पाण्याच्या ग्लासामुळेच नव्हतं असं कुणी म्हणालं नाही, तसं कुणी म्हणतही नसतं. हरिओम पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे भांडायला गेला. प्रयोगशाळेचे अहवाल, बेचाळीस कात्रणं, अठरा नावं, सगळी फाईल त्यांच्या टेबलावर आपटली. साहेबांनी फाईल उघडली नाही. त्यांनी मोबाईल काढला, तो तुकडा लावला आणि शांतपणे विचारलं, "हा आवाज तुमचाच ना?"

तिथून हरिओम थेट आवळगावला गेला. डोकं इतकं तापलेलं की वाटेत दोनदा गाडी बंद पडली आणि दोन्हीदा त्यानं गाडीला शिव्या घातल्या. एवढ्या वर्षांत पुढाऱ्यांनी फसवलं, पेपरानं फसवलं, बघणाऱ्यांनी फसवलं, ते एक वेळ समजू शकतो. पण जिच्या पोरासाठी हे सगळं केलं, तिनंच घात करावा? तो तिला सोडणार नव्हता. काय बोलायचं ते त्यानं रस्ताभर घोकलं होतं.

अन्नपूर्णाबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. कुलदीप सकाळीच खामगावहून आलेला, आत झोपला होता. हरिओमला पाहून ती उठली, सूप बाजूला ठेवलं, आत गेली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. तो उन्हातून आलेला, घसा कोरडा. त्यानं अर्धा ग्लास घटाघटा संपवला आणि मगच तोंड सोडलं. तीनदा विचारलं होतं ना मी, तीनदा हाव म्हणालीस ना, मग असं का केलंस, तुझ्या एका ग्लासापायी गाव चार वर्षं मागे गेलं, पोराचा विचार तरी करायचास, असं तो बोलत गेला. आवाज चढत गेला. शेजारची दोन माणसं दारात आली आणि परत गेली.

अन्नपूर्णाबाई जोत्यावर बसून सगळं ऐकून घेत होती. तिचे डोळे भरले होते.

"म्या ग्लास हापशीच्याच पान्यानं भरला होता, हरिओमभाऊ," ती म्हणाली. "दारापावतर आनला. मंग त्यानं जोडलेले हात आठवले. दारात आलेल्या मानसाले खारं पानी माह्या हातानं नाई देववलं. म्या ओतून टाकलं."

"पण तो माणूस कोण आहे ते तरी बघायचं होतं ना, मावशी."

"कोनी का असंना." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमाले तरी कवा देल्लं? तुमी इतके वर्सं येऊन राह्यले. तुमाले काय कधी खारं पाजलं आमी?"

हरिओमनं हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. अर्धा उरला होता. पाणी गार होतं, गोड होतं. एकोणीस वर्षं तो या गावात येत होता. या ओसरीत, शेजारच्या ओसरीत, सरपंचाकडे, शाळेत, जिथं बसला तिथं आधी पाण्याचा ग्लास पुढे आला होता आणि तो पिऊन त्यानं वही उघडली होती. मचूळ, खारट, पिण्यास अयोग्य, हे शब्द त्यानं प्रयोगशाळेच्या कागदावरून उतरवले होते, लोकांच्या तोंडून उतरवले होते. बेचाळीस बातम्यांत ते बेचाळीसदा लिहिले होते. आणि आवळगावचं पाणी त्यानं आजवर एकदाही चाखलेलं नव्हतं. तिला हापशीचं पाणी द्यायला सांगताना, आधी मला दे, मी चाखून बघतो, हेसुद्धा त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याला स्वतःचीच चीड आली.

तो चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेला. बाई मागून म्हणत राहिली, भाऊ, राहू द्या, तुमाले नाई जमायचं. त्यानं उरलेलं पाणी कॅनशेजारच्या तांब्यात जपून ओतलं, हापशीच्या पाण्याचा रांजण होता त्यातून ग्लास भरला आणि तोंडाला लावला. पहिला घोट कसाबसा घशाखाली गेला. दुसरा गेला नाही. तो तोंडात धरून तसाच मोरीपर्यंत आला, थुंकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

ग्लासात बरंच पाणी उरलं होतं. तो ते मोरीत ओतायला लागला तेव्हा अन्नपूर्णाबाईनं त्याच्या हातून ग्लास काढून घेतला, उभ्यानंच सगळा पिऊन टाकला आणि विसळून पालथा ठेवला.

"बसा," ती म्हणाली. "च्या ठेवते."

हरिओम नको म्हणाला. चहालाही पाणी त्याच कॅनमधलं घालणार, हे आता त्याला माहीत होतं. तिनं ऐकलं नाही. ती चूल पेटवायला वाकली, आणि कुलदीपच्या कॅनचं फडकं सोडायला लागली.